नानाचा जपानी आबा

इंग्रजीत माझा हात धरणारा म्हातारा अख्ख्या जळगावात नाही. लाइक, शेअर आणि ब्लॉक, असे तीन शब्द मला येतात. तिसऱ्याचा अर्थ मात्र मागच्या महिन्यातच कळला, नानाने मला केलं तेव्हा.

आम्ही डाळमिलमधून रिटायर झालेली मंडळी सकाळी अक्काच्या चहाटपरीवर बसतो. हाताला काम नाही, त्यामुळे किस्से टरफलांसारखे साचतात. सध्याचे सगळे एका जपान्याचे.

तोही रिटायर. एके काळचा मोठा फुटबॉलपटू, आता रोज सकाळी मोबाईलवर दिसतो. पायावर चेंडू नाचवतो, मुळ्यांना पाणी घालतो, मग भात खातो. लाखो लोक बघतात. आमच्यातला नाना सगळ्यात जास्त. नाना म्हणजे मिलच्या ट्रकचा जुना ड्रायव्हर, मूळ धुळ्याकडचा.

*

समोरच्या किराणावाल्या शेटजींनी विचारलं, "नाना, याने गोल किती केले?"

"माहीत नही."

"मग बघता काय एवढं?"

"तो बी रिटायर शे, मी बी रिटायर शे. पन त्याले काम शे."

शेटजी दुकानात गेले.

*

समोरच्याला 'या जेवायला' म्हटल्याशिवाय नानाच्या घशाखाली घास उतरत नाही. तिकडे जपानी भात खायला बसला की इकडे नाना भाकरी खाली ठेवायचा. "या आबा, जेवाले."

मी म्हटलं, "त्याला ऐकू जात नाही. खाली लिहा."

चूक माझीच. नाना रोज लिहायला लागला. वर भरिताचे फोटो: वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजताना, मिरच्या कुटताना. उत्तर काही येईना. टपरीवर आला की चहाच्या आधी तेच बघायचा. तोंड एवढंसं व्हायचं.

"एकदा जरी तो बोलना ना," म्हणाला, "तर बठ्ठासले भरीत, अख्ख्या टपरीले."

*

मध्ये दोन दिवस जपानी दिसला नाही. नानाने चहा घेतला नाही.

अक्का म्हणाली, "तुमचे साडू दवाखान्यात होते, तेव्हा तर दोनदा घेतला होता."

*

भरिताच्या आशेने मी जपान्याचा फोटो लावून खोटं खातं उघडलं. लिहिलं, "नाना, तुमचं भरीत फार आवडलं."

नानाने अंगणात सगळ्यांना बसवून जेवू घातलं. ज्याला त्याला मोबाईल दाखवत होता. पाचव्या पुरीला मला हसू आवरेना. सांगून टाकलं.

नानाने माझ्या ताटात आणखी एक पळी भरीत वाढलं, हात धुतले आणि मला ब्लॉक केलं.

*

परवा सकाळी मीच आधी पाहिलं. जपान्याचं खरं खातं, निळ्या खुणेचं. म्हातारा शेकोटीवर वांगं भाजतोय, सोलतोय, मिरच्या घालून कुटतोय. मग कॅमेऱ्यापुढे वाकला. खाली लिहिलेलं मी भाषांतराचं बटण दाबून वाचलं: 'जळगावच्या नानांसाठी. या जेवायला.'

मी चप्पल न घालता नानाच्या घरी पळालो. मोबाईल हातात कोंबला. "आईशप्पथ नाना, या वेळी मी नाही. खरा आहे तो."

नानाने चष्मा लावला. पूर्ण पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. मोबाईल मला परत दिला.

"वांगं अर्धं कच्चं काढं तू, भाऊ. तुनाशिवाय असं भरीत कोन करी?"