मामाजींचं धोतर आणि विजेचा दिवा

आमच्या चांदा जिल्ह्यात विजेवर माझ्या मामेसासऱ्यांइतकं प्रेम कुणी केलं नसेल. स्वराज्यानंतर चार-पाच वर्षांनी गावाच्या वेशीवर कोळशावरचं पावरहाऊस सुरू झालं. गावात घरचा पहिला दिवा मामाजींनी घेतला आणि तो पाहायला येईल त्याला चहा पाजला. पुढे पिठाची गिरणी आली, दुकानं उशिरापर्यंत उघडी राहू लागली, आणि अंगणात वाळत घातलेली मोहफुलं नि सांडगे काळे पडू लागले. मामाजींनी त्यातूनही सोय काढली. सकाळी ते धुतलेलं पांढरं धोतर दोरीवर टाकत आणि दुपारी तपासत. त्यावर काजळी दिसली की खूश. "पाहा जवाईबुवा, आज भट्टी जोरात हाय. संध्याकाळी दिवा झकास लागते." धोतर पांढरंच राहिलं की मुकाट्याने कंदील पुसून ठेवत. अंदाज सहसा चुकत नसे. कुणी धुराबद्दल कुरकुरलं की म्हणत, "कंदिलाची काजळी एकट्याच्या घरात रायते. हे साऱ्या गावात वाटून जाते. माणसी कितीशी आली?" हे मला पटे, मी पावरहाऊसात कारकून होतो, माझा पगार त्याच धुराड्यातून निघे.

या वाटणीत मामींच्या वाट्याला जरा जास्तच आलं. त्या उशीला टेकून बसल्या बसल्या रात्र काढू लागल्या. एकदा मामाजी दिव्याचे फायदे मला ऐकवत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "हाय ना फायदा. खोकताना मले तुमचं तोंड दिसते."

मामाजी हसले नाहीत. मला फाटकापर्यंत सोडायला आले. "तुमी तिथी बसता. खरं सांगा, हे धुरानं होऊन राह्यलं का?"

मी हो म्हणालो. त्या नोकरीत तेवढं एक खरं बोललो असेन.

आठवडाभरात ते मामींना घेऊन आलापल्लीला लेकीकडे गेले. तिथे साग भरपूर, वीज नाही. दिवाळीनंतर मी भेटायला गेलो, तर घरच्या आढ्याला सुतळीने त्यांचा जुना बल्ब टांगलेला. वायर नव्हतीच. ते तो रोज पुसत.

"इथी तर काजळी बसत नाई. काऊन पुसता?" मी विचारलं.

"सवय."

आत मामी लेकीशी बोलत होत्या. बोलणं लांबत गेलं, मधे एकदाही खोकला नाही. मामाजी ते ऐकत अंगणात उभे होते. मग दोरीवरचं पांढरंशुभ्र धोतर त्यांनी काढलं, दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आजही दिवा लागत नाई."