मामाजींची पाठ धुणारी नर्सबाई

मामाजी म्हणजे माझे सासरे. आंधळगावात त्यांच्या तोंडी कोणी लागत नसे. धानाच्या रोवणीला आलेल्या बायांना ते शिव्या देत, माझ्या नवऱ्याला चारचौघांत बिनकामाचा म्हणत, आणि माझ्या हातची भाजी न चाखताच खारट ठरवत. लग्नाला सहा वर्षं होऊनही त्यांनी मला एकदाही नीट हाक मारली नव्हती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं, तेव्हा गावच्या दवाखान्यात नवीन नर्सबाई आल्या. नगरकडच्या, ख्रिस्ती, पस्तिशीच्या, एकट्या. आमच्या आळीत त्यांना खोली मिळत होती, ती मामाजींनी घरमालकाला दम देऊन मिळू दिली नाही. विहिरीवर आल्या तर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुही बालटी आमच्या विहिरीत नाही पडली पाह्यजे." बाई रिकामी बादली घेऊन परत गेल्या. मी तिथंच उभी होते. माझी बादली भरून घरी आले.

दोन वर्षांनी, ऐन रोवणीत, मामाजींचं डावं अंग लुळं पडलं. पडून पडून पाठीवर जखमा झाल्या. खोलीत वास मावेना. मी नाकाला पदर लावून ताट ठेवायची आणि बाहेर पडायची. खोटं कशाला सांगू, मनात यायचं, भोगू दे.

एका सकाळी नर्सबाई आपणहून दारात उभ्या. मामाजी ओरडले, "कायले आली तू? तुह्या हातचं मले काही नाही पाह्यजे!"

"मी काही देत नाही, बाबाजी. पाठ तेवढी धुते," असं म्हणत त्यांनी मामाजींना कुशीवर वळवलं. उकळून कोमट केलेल्या पाण्यानं जखमा धुतल्या, सडलेली कातडी कापली, पट्टी बांधली. तासभर शिव्या चालू होत्या. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी मामाजींनी चांगल्या हातानं पितळी गिलास फेकून मारला. बाईंची भुवई फुटली. त्यांनी रक्त पुसलं आणि मामाजींसमोर येऊन त्या म्हणाल्या, "बाबाजी, हे पुन्हा करायचं नाही. मला लागतं. उद्या आठ वाजता येते."

मला वाटलं, आता कशाच्या येतात! पण आठ वाजता आल्या, कपाळावर पट्टी लावून.

बाई अंगणात हात धूत असताना मी विचारलं, "बाई, तुमाले राग नाही येत या मानसाचा?"

"येतो की. खूप येतो. आत शिरण्याआधी प्रभूला सांगते, हा माणूस मला आवडत नाही, माझे हात तूच चालव." त्या हसल्या. "त्यानं प्रेम करायला सांगितलंय. आवडलाच पाहिजे, असं कुठं म्हटलंय? उद्या तुम्ही हात लावा. मी दाखवते."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा मामाजींच्या पाठीला हात लावला. हाडंच हाडं. आणि पाठ थरथरत होती. हा माणूस घाबरू शकतो, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

जखमा भरायला तीन महिने लागले. मधे एका रविवारी मामाजी कुरकुरले, "आज ते बाई काहून नाही आली?"

"प्रार्थनेले गेल्या भंडाऱ्याले."

"मंग सांगून जावं नं!"

म्हणून ते बदलले असं नाही. आम्हाला शिव्या होत्याच. विहिरीवरच्या त्या बोलण्याबद्दल त्यांनी माफीही मागितली नाही. मी तसं बाईंपाशी बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "त्यासाठी मी येतच नव्हते."

पुढं बाईंची बदली सिहोऱ्याकडं झाली. त्या निरोप घ्यायला येणार हे कळल्यावर मामाजींनी आपली खाट अंगणात काढायला लावली. बाई आल्या. मामाजी दुसरीकडं बघत म्हणाले, "तिकडं थंडी भारी रायते. एकटी आहेस तू. सांभाळून रायजो."

"हो, बाबाजी," बाई म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसत एसटीकडं निघाल्या.

मामाजी आणखी दीड वर्ष जगले. तेवढ्या काळात त्यांच्या अंगावर एकही जखम झाली नाही. रोज दोनदा मी त्यांची पाठ पुसत होते, आणि शिव्याही खात होते.