लंगड्या चाच्याची हकालपट्टी

इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या माझ्या लेकीच्या शाळेचा मॅस्कॉट होता एका पायाचा समुद्री चाचा. दर स्पोर्ट्स डेला पीटीचे सर तो पोशाख चढवून लंगडत धावायचे, मुद्दाम तोंडावर आपटायचे, आणि सगळं मैदान खिदळायचं. लेकीच्या वर्गातली कुबड्या घेऊन चालणारी मुलगी तेवढी हसायची नाही.

यंदाच्या पालकसभेत माझं डोकंच फिरलं. "इथलं सरकार अपंगांना 'पीपल ऑफ डिटरमिनेशन' म्हणतं. पार्किंगमध्ये तशी पाटी तुम्हीच लावलीत, आणि मैदानात हे काय चालवलंय?"

पीटीचे सर पुटपुटले, "सर, वो तो कॉमेडी है."

"कॉमेडी?" मी टेबलच बडवलं.

मुख्याध्यापिका घाईघाईने म्हणाल्या, "खलास, मॅस्कॉट बंद!" टाळ्या पडल्या.

परतताना गाडीत मी बायकोला माझं भाषण तिसऱ्यांदा ऐकवत होतो. मागच्या सीटवरून लेकीने विचारलं, "बाबा, सो यू वोन्ट डू द स्टॅमरिंग सर्व्हंट धिस इयर?"

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकात तोतऱ्या गड्याचं काम गेली सहा वर्षं मीच करतोय. सगळ्यात जास्त हशा मलाच मिळतो.

"अगं, ती कॉमेडी आहे," मी म्हणालो.