सहमत मंडळ आणि तांडेलकाकांचे कान

ज्या संध्याकाळी तांडेलकाकांच्या कानातले यंत्र भर हळदीत गप्प झाले, त्या संध्याकाळी मी तिथे नव्हते. हे आधीच सांगते, कारण न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगण्याची सवय मला नाही. ही हकीकत काकांच्या सुनेची, मानसीची. तिने ती तीन वेळा सांगितली आणि तिन्ही वेळा तपशील बदलले नाहीत, म्हणून मी ती ग्राह्य धरते.

असे किस्से जमवावे लागत नाहीत, हेही सांगून टाकते. घरात एक नवे यंत्र आणा, किस्सा त्याच्या खोक्यातूनच येतो. चार्जर येईलच असे नाही, किस्सा येतो!

तर काका कोपरच्या खाडीकाठचे कोळी. बोटीचे इंजिन आणि लग्नातला बेंजो या दोन आवाजांत त्यांचे आयुष्य गेले आणि त्यातच कानही गेले. मग मुलाने श्रवणयंत्र घेऊन दिले. साधे नव्हे, फोनमधल्या ॲपवर चालणारे. ठाण्याच्या एका श्रवणतज्ज्ञ बाईंनी काकांना अकरा वेळा समोर बसवून, बेंजो वाजवायला लावून, त्याचे सेटिंग लावून दिले. बाई नंतर परदेशी गेल्या. सेटिंग कंपनीच्या सर्व्हरवर राहिले.

त्या हळदीत गाणे ऐन रंगात आले असताना यंत्राने काकांच्या कानात इंग्रजीतून सांगितले, "कृपया पुन्हा साइन इन करा," आणि ते बंद पडले. ॲप आपोआप अपडेट झाले होते! बाकीच्यांनी गाणे संपवले. काका वाजवतच राहिले, एकटे, डोळे मिटून. मांडवातल्या लोकांना वाटले, हा खास तुकडा आहे. शिट्ट्या पडल्या. नवरदेवाचा मामा पुन्हा नाचायला उठला. शेवटी मानसीने जाऊन खांद्याला हात लावला, तेव्हा काकांनी डोळे उघडले आणि साथीदारांवरच ओरडले, "बंद कनाला केला रं तुमी?"

साइन इन केल्यावर यंत्र सुरू झाले. पण पाठोपाठ फोनवर एक सूचना आली. कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतली आहे, सबब तीन महिन्यांनी हे ॲप आणि त्यामागची सेवा बंद होईल. कारण? 'तुमचा ऐकण्याचा अनुभव अधिक समृद्ध करण्यासाठी.'

ऐकण्याची सोय काढून घ्यायची आणि अनुभव समृद्ध करायचा! वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने असे विधान केले असते, तर मी त्याला उभे करून पुन्हा वाचायला लावले असते. सेवा बंद झाली की सेटिंग जाणार, सेटिंग गेले की काकांचा बेंजो जाणार. यात समृद्धी नेमकी कोणाची, ते सूचनेत नव्हते.

०००

मानसी खोपटच्या एसटी डेपोत कारकून आहे. तिच्या शेजारच्या टेबलावर संघमित्रा कांबळे बसते. संघमित्राने काकांना आमच्या मंडळात आणले, म्हणून आधी मंडळाविषयी सांगते.

मी तर्कशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाल्यावर ठाकुर्लीच्या घरी एक मोठा टीव्ही घेतला. सहा महिने तो टीव्हीसारखा वागला. मग एका रात्रीत त्याने स्वतःला अपडेट केले, आणि सकाळपासून बटण दाबले की बातम्यांच्या आधी मसाल्याची जाहिरात! माझ्याच भिंतीवर, माझ्याच विजेवर. मी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, तुम्ही सहमती दिली होती," पलीकडचा मुलगा अतिशय नम्रपणे म्हणाला.

"कशाला?"

"सगळ्याला, मॅडम."

तीस वर्षे मी 'सर्व' या शब्दाची व्याप्ती शिकवली. इतकी व्यापक मला कधीच जमली नव्हती!

त्या दिवशी मी ठरवले, यापुढे अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय 'सहमत'वर बोट ठेवायचे नाही. एकटीने वाचताना झोप येते, म्हणून दर शनिवारी दुपारी माझ्याकडे जमून मोठ्याने वाचायचे. खालच्या मजल्यावरची संघमित्रा आली, आणि तिनेच नाव ठेवले, सहमत मंडळ. तिसरे सभासद देवधर. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आयुष्यभर इंजिनिअर होते. यंत्रांवर त्यांची श्रद्धा आहे, आणि श्रद्धेशी वाद घालता येत नाही.

०००

मंडळाचा पहिला पराक्रम देवधरांच्या घड्याळाचा. हृदयाचे ठोके मोजणारे, पावले मोजणारे, झोप मोजणारे घड्याळ त्यांनी मागवले आणि नियमाप्रमाणे न वापरता माझ्याकडे घेऊन आले. अटी छत्तीस पानी. पहिल्या शनिवारी आम्ही एकोणीस पाने वाचली. घड्याळ तुमच्या ठोक्यांची माहिती 'निवडक भागीदारांना' देऊ शकते, हे बाराव्या पानावर कळले.

"माझे ठोके घेऊन भागीदार काय करणार?" देवधर प्रथमच अस्वस्थ झाले. "परत करून टाकतो."

"आधी पूर्ण वाचू," मी म्हणाले. अर्ध्या वाचनावर निष्कर्ष काढणे मला मान्य नाही.

दुसऱ्या शनिवारी आम्ही उरलेली सतरा पाने काढली. छत्तिसाव्या पानावर, शेवटून दुसरी ओळ : वस्तू सात दिवसांच्या आत परत करता येईल.

संघमित्राने बोटांवर मोजले. "देवधर सर, आज आठवा दिवस आहे!"

मी आजही म्हणते की चूक आमची नव्हती. परतीची मुदत पहिल्या पानावर का नसावी, याचे उत्तर मला कोणी द्यावे. देवधर मात्र मला आपले ठोके दाखवतात. म्हणे मी दिसले की वाढतात!

०००

देवधरांचा आणखी एक नेम. कुठल्याही कंपनीचा नवा फोन बाजारात येणार असला, की तो सोहळा ते इस्त्रीचा शर्ट घालून घरच्या टीव्हीवर पाहतात. एकदा त्यांनी आम्हालाही बोलावले; संघमित्रा त्याआधीही एकदा येऊन गेली होती. काळ्या टी-शर्टातले एक गृहस्थ मंचावर येरझाऱ्या घालत होते. बऱ्याच प्रस्तावनेनंतर त्यांनी जाहीर केले, की या वर्षी फोनच्या कडेला एक बटण असेल. टाळ्यांचा कडकडाट! देवधरही उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

"सर, एक मिनिट," संघमित्रा म्हणाली. "हे बटण आधी होतं. यांनीच काढलेलं. आणि काढलं तेव्हापण तुम्ही टाळ्या वाजवलेल्या, मी इथेच बसलेले!"

देवधर किंचितही डळमळले नाहीत. "तेव्हा ते काढणं क्रांतिकारक होतं," ते म्हणाले. "आता लावणं क्रांतिकारक आहे."

मला राग देवधरांचा नाही. जी वस्तू काढून घेतली तीच परत देऊन दोन्ही वेळा उपकार केल्याचा आव आणणाऱ्यांचा आहे. आणि दुसऱ्या दिवशी ज्या वर्तमानपत्रांनी ते बटण पाऊण पान भरून छापले, त्यांचाही आहे.

०००

काका मंडळात आले ते ही सूचना घेऊन. काम साधे होते. कंपनीशी बोलायचे आणि मुदतीच्या आत सेटिंगची प्रत मागून घ्यायची.

संघमित्राने मंडळाच्या ग्रुपवर सविस्तर निरोप टाकला : काकांना फोनवरचे बोलणे अजिबात ऐकू येत नाही, कंपनीची मदतसेवा फक्त फोनवर आहे, मला ड्यूटी आहे, मॅडम कल्याणला गेल्या आहेत, तेव्हा उद्या दहा वाजता देवधर सरांनी काकांकडे जाऊन त्यांच्या वतीने फोन करावा.

देवधरांच्या नव्या फोनात लांबलचक निरोपांचा सारांश काढून देणारी बुद्धी बसवलेली होती. तिने सारांश काढला : 'उद्या दहा वाजता काका कंपनीला फोन करतील.'

देवधर निर्धास्त झाले. इतकेच नव्हे, तर सकाळी त्यांनी काकांना निरोप धाडला, "दहा वाजता फोन करायला विसरू नका!"

काका शब्दाचे पक्के. दहाच्या ठोक्याला त्यांनी नंबर लावला आणि पाऊण तास फोन कानाला धरून बसले. पलीकडे कोण काय बोलले ते देव जाणे. दर थोड्या वेळाने काका आपले म्हणत होते, "हां बोला! हां, बोला!"

दुपारी मानसी घरी आली आणि कंपनीचा संदेश पाहून तिने मला कळवले. संदेश असा : 'आपल्याशी संवाद साधून आनंद झाला. आपली तक्रार आपल्या संमतीने बंद करण्यात आली आहे.'

०००

मग आम्ही चौघे ठाण्याच्या सेवा केंद्रात गेलो. मॉलमध्ये वरच्या मजल्यावर, काचेचे, पांढरेशुभ्र. टेबलामागच्या मुलीने यंत्र हातातही घेतले नाही.

"सर, ही तक्रार ॲपमधूनच नोंदवावी लागेल."

"ॲपमधला तक्रारीचा भाग तुम्ही बंद केला आहे," मी म्हणाले. "म्हणूनच आलो."

"हो मॅडम. पण प्रोसेस तीच आहे."

"जी वाट बंद आहे, त्याच वाटेने यायचे?"

ती गोंधळली. तिचा दोष नव्हता. तिला वाक्ये वाटून दिलेली होती आणि ती संपली होती. तिने शेवटचा उपाय म्हणून काकांसमोर एक छापील कागद ठेवला. आपण आमच्या सेवेवर किती समाधानी आहात? पाच तारे.

काकांनी कागद उलटसुलट पाहिला. "गो पोरी, मना आयकू येत नाय म्हनून त आयलू. न तू मना तारं दाखवतंस?"

परतीच्या लोकलमधून ठाकुर्लीला उतरताना देवधर म्हणाले, "काचा मात्र छान होत्या."

०००

राहिला माझा मार्ग, टपालाचा. मी कंपनीला रजिस्टर पत्र पाठवले. तीन प्रश्न, क्रमांक घालून. सेटिंग कोणाचे आहे? त्याची प्रत मिळेल का? नसेल, तर का नाही?

पंधरा दिवसांनी उत्तर आले. सेटिंग ही ग्राहकाची वैयक्तिक माहिती आहे, आणि कंपनी तिचा आदर करते. मात्र ती कंपनीच्या खाजगी स्वरूपात साठवलेली असल्याने ग्राहकाला देता येत नाही. नव्या मालकांच्या यंत्रांतही ती चालणार नाही.

मी हे शनिवारी मोठ्याने वाचले आणि मराठीत समजावून सांगितले. काकांनी मासळीची टोपली दाखवावी तसे दोन्ही तळवे पुढे केले.

"म्हंजे म्हावरा माजा," ते म्हणाले. "पेटी त्यांची. न चावी कोनाकरं नाय."

तर्कशास्त्राच्या इतक्या वर्षांत इतके नेटके विधान माझ्या कानावर आले नव्हते. बातम्यांत याला 'एकत्रीकरण' म्हणतात. दोन कंपन्या एकत्र होतात, त्यांचे फोटो छापून येतात, शेअर वधारतात, आणि कोपरच्या एका माणसाच्या कानातले सूर काढून घेतले जातात, त्याची बातमी होत नाही. परदेशी गेलेल्या त्या श्रवणतज्ज्ञ बाईंना संघमित्राने शोधून काढले, विचारले. त्यांच्याकडेही प्रत नव्हती. त्यांनीही काम कंपनीच्याच ॲपवर केले होते.

मुदत संपायला दोन दिवस असताना काकांनी एक काम केले. बेंजो घेऊन ते दिवसभर वाजवत बसले. मानसी म्हणाली, जेवायलाही उठले नाहीत.

०००

मुदत संपली तो दिवस शनिवार नव्हता, तरीही आम्ही जमलो. काका कानात यंत्र घालून मध्ये बसले. यंत्र चालू होते. दुसऱ्या दिवशीही चालू होते. आठवडा गेला. देवधर म्हणाले, काम सावकाश होत असेल.

तीन आठवड्यांनी कंपनीचे पत्र आले. जाड कागद, सही, शिक्का. शनिवारी मी ते सगळ्यांसमोर वाचले. सेवा ठरल्या तारखेला बंद करण्यात आली आहे. सर्व सर्व्हर कायमचे बंद करण्यात आले आहेत. सर्व ग्राहकांची सेटिंग नष्ट करण्यात आली आहेत. सबब आपले यंत्र आता चालू असणे शक्य नाही.

काकांसाठी म्हणून मी शेवटचे वाक्य जरा जोरात वाचले.

"मॅडम, वरडू नका," काका म्हणाले. "आयकू येतंय."

संघमित्राने काकांचा फोन घेतला आणि ॲप उघडले. सेटिंग जागेवर होते. बेंजोचेही. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. सर्व्हरशी शेवटचा संपर्क : आज, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.

"मॅडम, हा कुठला सर्व्हर?" संघमित्रा म्हणाली. "सगळे तर बंद केलेत ना?"

देवधरांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली.

मी टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला. दोन विधाने परस्परविरुद्ध होती, दोन्ही त्याच कंपनीची होती, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नव्हती. विचारणे प्राप्तच होते. मी तारीख घातली, 'महोदय' लिहिले, तोच काकांनी कागदावर हात ठेवला.

"मॅडम," ते अगदी हळू म्हणाले, "त्यांना कलवू नका."

ते पत्र मी लिहिलेले नाही. ॲप मानसी रोज सकाळी उघडून पाहते आणि मला कळवते. तारीख बदलते. वेळ तीच असते, अकरा वीस.