घणवाल्याचा स्वभाव

लोहारकामाच्या त्या शेडमध्ये घणवाल्याच्या अंगात रेड्याची ताकद होती आणि डोकं कायम तापलेलं. त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तिथे मिस्त्री. मिस्त्रीने छोट्या हातोडीने लोखंडावर जागा दाखवायची, याने तिथेच घण घालायचा; हातोडी ऐरणीवर आडवी पडली की घण थांबवायचा, अशी कामाची रीत. एका सकाळी मेहुणा हसत म्हणाला, "दाजी, ताकद आहे, नेम नाही. घरीही म्हणे नुसती आदळआपटच." आणि हातोडी आडवी ठेवून त्याने लोखंड फिरवायला हात पुढे केला.

घण खाली आला. उजव्या हाताची दोन बोटं चेचली गेली. वर याने त्याची गचांडी धरून त्याला ओठ फुटेपर्यंत भिंतीवर आपटलं.

मालकाने सांगितलं, समुपदेशक बाईंकडे जायचं, नाहीतर काम बंद. बायकोनेही सांगितलं, "आता हात उचललात तर मुलीला घेऊन जाईन. परत यायची नाही." काम काय, दुसरं मिळालं असतं. बायको मात्र बोलल्याप्रमाणे करणारी होती, म्हणून तो बाईंकडे जाऊ लागला.

बाई व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत समजावून सांगत. काही गुण माणूस जन्मतःच घेऊन येतो, हे ऐकून तो खुशीत घरी आला. "माझं रक्तच तापट." पुढे लहानपणी मनात दडपलेल्या गोष्टींचा विषय निघाला. बापाचा पट्टा आठवून तो बाईंसमोर ढसाढसा रडला आणि घरी म्हणाला, "हे सगळं बापाचं." मग कळलं, वागणं शिकलेलंही असतं, मारलं की समोरचा गप्प बसतो, म्हणून माणूस पुन्हा मारतो. शेवटी निवड आपलीच, असंही काही जण मानतात, हे बाईंनी सांगितलं होतं. तेवढा सिद्धांत त्याने घरी आणला नाही.

बायको भांडी घासत होती. "रक्त झालं, बाप झाला, आता आम्ही गप्प बसलो हे झालं. मालक आईवरून शिव्या देतो, तेव्हा कुठे जातं हो हे सगळं? तिथे बरी मान खाली जाते."

त्याने तिचे केस धरले आणि डोकं ओट्यावर आपटलं. भुवई फुटली. घासलेल्या ताटांवर रक्त ठिबकू लागलं. दारात उभी असलेली मुलगी ओरडली नाही. सराव असल्यासारखी आत गेली आणि कडी लावून घेतली.

सकाळी बायकोने बॅग भरली. तो कॉटवर बसून होता. मालकाने एकदा सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत दिली होती. तेव्हाही राग असाच उसळला होता, पण हात मांडीला चिकटून राहिले होते. म्हणजे माणूस बघून हात उठत होता.

मेहुणा न्यायला आला. बहिणीची भुवई पाहून त्याने डाव्या हाताने याच्या नाकावर ठोसा घातला. मग पोटात लाथ. "उठा ना दाजी, दाखवा ताकद." याने एका हाताने त्याला उचलून फेकलं असतं. मुठी वळल्या. याने त्या उघडल्या आणि हात पाठीमागे बांधले. आणखी एक ठोसा बसला, दात हलला. हात मागेच राहिले.

बायको दारातून पाहत होती. तो रक्त गिळत म्हणाला, "बघितलंस? मारलं नाही मी."

"बघितलं," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हाला जमत होतं."

तिने मुलीचं बोट धरलं आणि जिना उतरली.