पुढं सरका, पाव्हणं

शिक्षण अर्धवट सुटलेला, चाळिशी उलटलेला माणूस उलव्यात सुखाने जगू शकत नाही, कारण तिथे माझ्या मेव्हण्याचे सासरे राहतात. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांची सगळी नोकरी शहर बसमध्ये कंडक्टर म्हणून गेली. निवृत्तीनंतर मोठ्या वयाच्या लोकांना कॉलेजात आणि तिथून नोकरीत पोचवणाऱ्या एका संस्थेने त्यांच्या गळ्यात ‘नॅव्हिगेटर’ असं ओळखपत्र घातलं. मामांनी ते उलटं फिरवलं. “नॅव्हिगेटर म्हंजे मोबाईलमधली ती बाई,” ते म्हणाले. “जासई सांगितलं तर खाडीत नेऊन घालते. मी कंडक्टर हाय. मानूस स्टॉपावर उतरंपर्यंत माजी जबाबदारी.”

दारात घुटमळणारा माणूस त्यांना सहनच होत नाही. “पुढं सरका, आत जागा हाय!” हे त्यांचं संपूर्ण शैक्षणिक धोरण. जासईच्या यार्डात क्रेन चालवणारा एक गडी कॉम्प्युटरसमोर बसला की थरथरायचा. मामा वर्गादेखत ओरडले, “आरं, आख्खा कंटेनर उचलतंस नि उंदराला हात लावाया घाबरतंस?” एक सासूबाई सुनेच्या कॉलेजला आडव्या आल्या, तर मामा त्यांच्याकडे जाऊन बसले, चहावर चहा प्यायले आणि निघताना सहज म्हणाले, “सून कॉलेजात गेली का टीव्हीचा रिमोट तुमच्या एकटीचा.” दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच सुनेचा डबा भरला. कुणाच्या दाखल्यासाठी गेल्यावर ऑफिसात ‘साहेब जेवतायत’ असं कळलं, तर मामा साहेबांच्या टेबलाशी उभे राहून भाजी कसली आहे याची चौकशी करतात. घास उतरेनासा झाला की साहेब सही करतात.

मी मुळात अपराधी माणूस. कुणी माझ्या पायावर पाय दिला तर ‘सॉरी’ मी म्हणतो. पावणे गावातल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. पदवी नसल्यामुळे वरची खुर्ची दर वेळी दुसऱ्या कुणाला जायची, आणि मला राग येण्याऐवजी वाटायचं, आपल्यापायी साहेबांना किती शोधाशोध करावी लागते! तोवर मामांच्या लेखी मी ‘पावण्याचं पाव्हणं’ होतो. ‘तुमी’ म्हणायचे, आग्रहाने भाकरी वाढायचे. बी.कॉम.च्या सकाळच्या वर्गात माझं नाव लागलं त्या दिवशी मात्र म्हणाले, “चल रं ए, चपला घाल.”

पहिल्या दिवशी हजर नसेल त्याची जागा दुसऱ्याला देणार, असं कॉलेजने बजावलं होतं. मामा मला गेटवर सोडून समोर चहाला गेले. वॉचमनने माझं टक्कल पाहिलं आणि अदबीने म्हणाला, “पालक ना? खालचा हॉल.” इतक्या अदबीने बोलणाऱ्याचं मन मोडायचं कसं? हॉलमध्ये पालकसभा होती. मुलं आणि मोबाईल या विषयावर लोक असे तळमळत होते की उठून जाणं मला उद्धटपणाचं वाटलं. शेजारच्या ताईंनी विचारलं, “तुमचा मुलगा की मुलगी?” मुलगी, मी म्हणालो. खोटं नव्हतं. ती दहावीत आहे हे त्यांनी विचारलंच नाही. वर माझ्या वर्गात हजेरी सुरू झाली असणार हे मला कळत होतं, पण तेवढ्यात ‘हे भाऊ शांत वाटतात’ म्हणून मी पालक समितीचा उपाध्यक्ष बिनविरोध निवडून आलो.

टाळ्या चालू असतानाच वॉचमनला विचारून मामा दारात येऊन उभे राहिले आणि सभा घेणाऱ्या मॅडमना म्हणाले, “मॅडम, घोटाला झाला. ह्यो पालक नाय, बालक हाय!”

हॉल हसून लोळला. मामांनी दंड धरून मला जिना चढवला. “मामा, लाज वाटते हो या वयात,” मी कळवळलो.

“मंग वाटू दे. तिला येगलं तिकीट पडत नाय. पुढं सरक!” वर्गाच्या दारात पाठीवर दोन थापा पडल्या, डबल बेल वाजवावी तशा. हजेरीत शेवटची काही नावं उरली होती, त्यांत माझं होतं. ‘प्रेझेंट’ म्हणालो तर वर्गातल्या मॅडमच दचकून उभ्या राहिल्या.

पुढची सगळी वर्षं मी ‘तू’ होतो. “वाचलंस का, गाढवा?” असा सकाळी फोन यायचा. वडील गेल्यापासून मला गाढव म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. फोन वाजायच्या आधीच मी जागा असायचो, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पदवी हाती आली आणि गेल्या महिन्यात वरची खुर्ची मिळाली. पेढे घेऊन गेलो, तर ओटीवर शिवणकाम करणाऱ्या एक बाई अकाउंट्सचं पुस्तक धरून रडवेल्या झालेल्या. “आगं ए, रडतंस काय? ती बेरीज काय तुजी ननंद हाय?” मामा खेकसत होते. मला पाहिलं आणि ते उठले. पंखा माझ्याकडे वळवला, खुर्ची पुसली.

“या पाव्हणं. बसा तुमी. पानी घेता?”

पाणी प्यालो. निघताना उंबऱ्यात उगाच घुटमळलो, मुद्दाम वाट अडवून. पण माझा स्टॉप आला होता. मामा हात जोडून, अदबीने बाजूला झाले.