नाताळला पळवून आणलेले आजोबा

आता माझी अक्कल कुठे चरायला गेली होती ते विचारू नका, पण मागच्या नाताळला मी एक म्हातारा माणूस पळवला. दिवसाढवळ्या, आणि तोही परमेश्वराच्या नावाने.

आम्ही मुंबईहून भुईगावात नवीनच राहायला आलेलो. इथला नाताळ बघून मी नाक मुरडत होतो. कोणाचा तारा मोठा, कोणाचा बाळ येशूचा गोठा मोठा, कोणाच्या केकच्या फोटोला किती लाइक. त्यात चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेत फादर म्हणाले, "आज एखाद्या एकट्या माणसाला जेवू घाला." मी आजूबाजूला पाहिलं. नव्या कपड्यांच्या त्या गर्दीत हे कळण्याची लायकी फक्त माझी एकट्याची.

घरी आलो तर बायको, रीटा, डुकराच्या मटणाचं इंद्याल शिजवत होती. तिने कांदे चिरायला सांगितले.

"मी सेवेला चाललोय," मी म्हणालो.

"जा बाबा. निदान पायात तरी येऊ नकोस."

संसारी माणसाला सेवा कुठून कळणार? गाडी काढली. दिसेल त्या घरात डोकावत निघालो. सगळीकडे माणसंच माणसं. शेवटी एका वाडीच्या दारात एक आजोबा खुर्चीवर एकटेच बसलेले दिसले. आता सांगा, याला कृपा नाही तर काय म्हणायचं?

"आजोबा, घरात कोणी नाही?"

"कोन नाय."

"सणाच्या दिवशी टाकून गेले तुम्हाला?"

"हां, गेले." आजोबांना कमी ऐकू येत होतं, पण मला कुठे काही विचारायचं होतं?

"चला माझ्याकडे जेवायला," मी ओरडलो.

त्यांनी मला खालून वरपर्यंत नीट पाहिलं, सुस्कारा सोडला आणि काठी उचलली.

घरी नेऊन मी त्यांना इंद्याल वाढलं, सोबत खायचे तळलेले गोल फुगे वाढले, आग्रहाने केक भरवला. भरवतानाचा फोटो चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पोटच्या पोरांनी टाकलं, पण देवाने नाही टाकलं.' लिहिताना माझेच डोळे पाणावले.

केक संपायच्या आत दारात गर्दी. आजोबांचा मुलगा, सुना, नातवंडं आणि अर्धी आळी. मुलाची पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली.

"आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायला गेलो होतो सगळे," तो दात चावत म्हणाला. "परत येतो तर बाबा गायब. मी बावखलाच्या गाळात-पाण्यात उतरून शोधतोय, आणि बायको तुमचा फोटो दाखवते. टाकलं आम्ही? आणि साखर आहे त्यांना, केक कसला भरवता?"

रीटाने सगळ्यांसाठी खुर्च्या मांडल्या.

मुलगा बापाच्या कानाशी वाकून ओरडला, "बाबा, ओळख ना पाळख, याच्याबरोबर आलातच कसे?"

आजोबांनी तोंड पुसलं आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अरे, फादर काय म्हनाले सकाळी? हा बिचारा सनाच्या दिवशी लोकांच्या घरात डोकावत फिरत होता. म्हटलं, याला कोन विचारत नसंल. दोन घास याच्याबरोबर खाऊन येऊ."